आबांचा गळका ट्रॅक्टर

मी बावड्याच्या रामहरी आबांचा ट्रॅक्टर. रंग तांबडा होता. उन्हानं विटलाय, त्यामुळं आता विटकरी म्हटलं तरी चालेल. सुरू झालो की माझा आवाज चार बांध ओलांडून जातो, पण बोलायला बसलो की मी हळूच बोलतो. आत्ता आबा जेवायला गेलेत. ते भाकरी कुस्करून सावकाश जेवतात. तेवढ्या वेळात माझं सांगून होईल.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. मोठं कारखान्याचं छप्पर, ठोकाठोकी, ओल्या रंगाचा वास, आणि मग लांबचा प्रवास. डोळे उघडले ते बारामतीच्या शोरूममध्ये. आम्ही ओळीनं उभे होतो. लोक यायचे, फेरी मारायचे आणि हमखास टायरला लाथ घालायचे. लाथ घालून त्यांना काय कळायचं ते मला आजही कळलेलं नाही. पण माणसाला काही विकत घ्यायचं असलं की आधी त्याला जरा दुखवून बघायची सवय असते, एवढं मी तेव्हाच शिकलो.

आबांनी लाथ घातली नाही. त्यांनी मला सुरू करायला सांगितलं आणि टोपी काढून कान बॉनेटला लावला. बराच वेळ ऐकत राहिले. विकणारा माणूस कंटाळला. मग आबा म्हणाले, "गडी खरा बोलतोय. ह्योच द्या."

त्यांच्या पत्नी, द्वारकाबाई, आत आल्याच नाहीत. गुळगुळीत फरशीवर पाय घसरेल म्हणून दारातच कुंकवाचा करंडा धरून उभ्या होत्या. बारामतीहून बावड्याला येताना त्या मडगार्डवर बसल्या होत्या, एका हातानं पदर धरून आणि एका हातानं मला धरून. सगळ्या वाटेनं एकच चालू होतं, "हळू चालवा. नवा हाय, दमंल." इंदापूर यायला दुपार टळली. मागची वाहनं शंख करत होती. आबांनी कुणाचं ऐकलं नाही.

मग मी राबलो. आमच्या भागात राबणं म्हणजे ऊस. नांगरट, सरी, बांधणी, आणि हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या मागं लावून कारखाना. कारखान्याच्या फाटकाबाहेर नंबर लागायचा. आबा ट्रॉलीखाली घोंगडं टाकून पडायचे आणि मी त्यांच्या अंगावर सावली धरायचो. विजयसिंह, त्यांचा मुलगा, माझ्या मडगार्डवर बसून शाळेत गेला. त्याच विजयसिंहाची वरात मी ओढली. नवरी, स्वरूपा, ट्रॉलीतल्या खुर्चीत बसताना माझ्याकडं बघून हळूच म्हणाली होती, "ह्याला हार घालायचा राहिला की." तेव्हापासून ती मला आवडते.

आबा एकटे असले की माझ्याशी बोलतात. चार माणसांत मुकं असणारं माणूस यंत्राजवळ बोलकं होतं, हे मी पुष्कळ ठिकाणी बघितलं. पाणी कमी आलं, कोंबडी मेली, डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, भीती वाटते. मी सगळं ऐकलं. उत्तर देता येत नाही, पण ऐकणाराही लागतोच ना कुणीतरी.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

माझ्या इंजिनाच्या बाजूनं एक अंगठ्याएवढ्या भोकाचा पाइप खाली सोडलेला आहे. त्याला ब्रीदर म्हणतात. इंजिनाच्या पोटात जी वाफ आणि धूर साठतो, तो तिथून बाहेर पडतो. सोपं सांगायचं तर ते माझं नाक. म्हातारपणी हे नाक जरा वाहायला लागलं. दिवसभर काम करून उभा राहिलो की पाइपाच्या टोकाला तेलाचा एखादा थेंब जमायचा आणि टपकन खाली पडायचा. त्यात काळजीचं काही नव्हतं.

पण दिवाळी आली. अंगण शेणानं सारवलेलं, त्यावर स्वरूपानं काढलेला रांगोळीचा मोर. पाडव्याच्या पूजेसाठी आबांनी मला हौसेनं त्या मोराशेजारी आणून उभं केलं. सकाळी बघतात तर मोराच्या तुऱ्यावर माझा थेंब पसरलेला.

द्वारकाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "अवो, ह्या तुमच्या लाडक्याला लंगोट बांधा की! मोराचं डोस्कं काळं केलं त्यानं."

"म्हातारं झालंय," आबा म्हणाले. "म्हाताऱ्याचं नाक गळतंय जरा."

"तुमचं गळतंय ते धोतराला पुसताय. ह्याला कुठलं धोतर?"

आबा हसले आणि गोठ्यामागं गेले. आले ते हातात मक्याचं बुरकुंड घेऊन. दाणे काढून उरतं ते बुरकुंड. आमच्याकडं रॉकेलची बाटली असो, मधाची असो नाहीतर औषधाची, बूच हरवलं की बुरकुंड मोडून बसवायचं. आबांच्या पिढीला ही सवय हाताला बसलेली. त्यांनी बुरकुंडाला चिंधी गुंडाळली आणि पाइपाच्या तोंडात दाबून, पिळून पक्कं बसवलं. "झालं. दिवाळीपुरतं ऱ्हाऊ दे."

थेंब थांबला. बाई खूश, मोर खूश. माझं मात्र नाक बंद.

आबा ते काढणार होते, हे मला ठाऊक आहे. पण दुपारी पाहुणे आले. लेकी आल्या, जावई आले, भाऊबीज झाली, घर माणसांनी भरून गेलं. पाहुणे गेले तेव्हा बुरकुंडाची आठवणही त्यांच्याबरोबर निघून गेली.

दिवाळीनंतर गव्हासाठी रान तयार करायला काढलं. ढेकळं फोडायचा रोटावेटर लावला. काम जड. इंजिनाच्या पोटात वाफ साठायला लागली आणि तिला जायला वाट नाही. असं झालं की ती कडेच्या फटींतून बाहेर पडते. माझ्या डोक्यावर टॅपेटचं झाकण आहे, त्याच्या बुडाशी कॉर्कचं पॅकिंग. जुनं होतं, पण आजवर टिकलं होतं. ते हरलं. तेल झाकणाखालून बाहेर आलं आणि इंजिनाच्या अंगावरून ओघळत खाली गेलं. धुराड्याच्या गरम पाइपावर पडून जळायला लागलं. काळा धूर, वास, आणि शेतात माझ्या चाकामागं तेलाची रेघ.

विजयसिंहनं मला बंद केलं. मोबाइलवर फोटो काढून मिस्त्रीला पाठवले. मिस्त्री इंदापूरला दुसऱ्याच कामात होता, त्यानं फोटो बघूनच सांगितलं, "इंजिन कामातनं गेलंय."

संध्याकाळी ओट्यावर बोलणं झालं. मी समोरच उभा होतो, बुडाखाली पोत्याचा तुकडा अंथरलेला.

"आबा, आता ह्याला काढू," विजयसिंह म्हणाला. तो वाईट मुलगा नाही. सगळं रान आणि सगळा ऊस एकटा सांभाळतो. "आज पॅकिंग गेलं, उद्या क्रँक जाईल. बारामतीत नवा बघून येतो. शोरूमचा माणूस गुरुवारी ह्याला बघायला येणार हाय, एक्स्चेंजला."

आबांनी माझ्याकडं बघितलं.

"आन नवा आला की तुमी सीटवर बसायचं न्हाय. तो लई अवघड असतोय, सगळी बटनं. ड्रायव्हर ठेवू. तुमी आता आराम करा."

आबांनी ते ऐकलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, थंडी वाजल्यासारखे. कितीतरी वेळ काढलेच नाहीत.

मला भंगाराची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त ते हात बघून वाटलं. ऑपरेशन झाल्यापासून आबा मोटरसायकल चालवत नाहीत. विळा धरला की हात थरथरतो. जनावरांचं सगळं स्वरूपा बघते. माझ्या सीटवर मात्र त्यांचा हात थरथरत नाही. स्टेअरिंग धरलं की तो शांत होतो. शिवारात चक्कर, पाण्याची टाकी, शेजाऱ्याची खतं आणणं, एवढंच काम त्यांच्याकडं उरलं होतं, आणि ते माझ्यामुळं होतं. मी गेलो की आबांकडं फक्त ओटा उरणार होता.

दुसऱ्या दिवशी विजयसिंह सकाळीच बारामतीला गेला. त्याची मोटरसायकल वळणाआड झाली तशी द्वारकाबाई बाहेर आल्या. त्यांनी पदर खोचला, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "उठा. बघू तरी काय झालंय त्याला."

"मिस्त्री म्हणलाय, इंजिन गेलंय."

"मिस्त्रीनं फोटू बघितला. तुमी अंगाला हात तरी लावा. जन्मभर त्येच्या मानेवर बसलाय."

आबा उठले. मला त्यांच्या उठण्याचा आवाज ओळखू येतो, गुडघे वाजतात. पान्यांचा डबा आला. द्वारकाबाईंनी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घातला आणि घासणी घेऊन मला आंघोळ घातली. काळा थर निघाला तसा माझा जुना तांबडा रंग कुठं कुठं दिसायला लागला. आबांनी फडक्यानं पुसलं, उन्हात वाळू दिलं. मग ते घरात गेले आणि स्वरूपाच्या आरशापुढून पावडरीचा डबा घेऊन आले.

"ही आणि कशाला?"

"इंजिनावर मारायची. तेल जितनं पयलं निघंल तितं पावडर भिजती. जुना मिस्त्री असं करायचा."

द्वारकाबाईंनी डबा हातात घेऊन वास घेतला. "माझ्या लग्नात तुमी मला पावडर आणली न्हाय. आन ह्याला वासाची!"

"तुला काय गरज हुती?"

"आता आठवलं व्हय गोड बोलायचं," त्या म्हणाल्या, पण डबा त्यांनीच उघडला आणि माझ्या अंगावर पावडर उधळली. मी नवरदेवासारखा पांढरा झालो. स्वरूपा दुधाचे कॅन धुऊन येत होती, ती बघून दारातच बसली आणि हसायला लागली.

"आबा, माझी पावडर!"

"नवी आणीन. तू आता इंदापूरला चाललीस नव्हं? येताना टॅपेट कव्हरचं पॅकिंग आण ह्याचं. कॉर्कचं. आन पॅकिंगला लावायची ट्यूब."

मला सुरू केलं. थोड्या वेळात पावडर भिजली ती टॅपेटच्या झाकणाच्या कडेला. बाकीचं अंग पांढरंच राहिलं. आबांचा चेहरा जरा उजळला. क्रँक नव्हती गेली, वरचं झाकण गळत होतं.

इंजिन गार होईपर्यंत त्यांनी वाट बघितली. तोवर स्वरूपा स्कूटीवरून पॅकिंग घेऊन आली. आबांनी बॉनेट उचललं, झाकणाचे नट ढिले केले, झाकण काढून द्वारकाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते जुन्या परातीत ठेवलं. माझं डोकं उघडं पडलं. आबांनी त्यावर लगेच स्वच्छ धोतराचं पान झाकलं, धूळ जाऊ नये म्हणून. माणूस आपली काळजी कशी घेतो ते त्याच्या लहान लहान हालचालींवरून कळतं.

जुनं पॅकिंग झाकणाला चिकटून लाकडासारखं झालं होतं. आबा करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं ते खरवडायला लागले. पातं दोनदा घसरलं. द्वारकाबाईंनी ते पातं त्यांच्या हातातून घेतलं आणि तव्यावरची करपलेली भाकरी खरवडावी तसं हलक्या हातानं सगळं काढलं. डिझेलनं धुतलं, फडक्यानं पुसलं. कडेला ट्यूबमधला पातळ लेप दिला, नवं पॅकिंग बसवलं, झाकण परत डोक्यावर आलं. नट आवळताना आबा सांगत राहिले, "आधी मधला. मंग ह्यो. मंग त्येच्या समोरचा. एकदम आवळू नको, कॉर्क चेपतंय. थोडं थोडं समद्याला."

"कळतंय मला. चार सुना-लेकींना जेवू वाढलंय, एकीला जास्त, एकीला कमी कधी न्हाय केलं."

लेप वाळू दिला. चहा झाला. मला सुरू केलं.

पॅकिंग नवं, झाकण स्वच्छ, सगळं नीट. आणि तरीही, जरा आवाज वाढवल्याबरोबर, कडेला तेलाचा मणी उभा राहिला. मग दुसरा. मग ओघळ. मला जीव तोडून सांगावंसं वाटत होतं, की अहो आबा, खाली बघा, माझं नाक बघा. पण मला एकच आवाज येतो आणि त्याचा अर्थ लावणं माणसांकडं असतं.

आबांनी मला बंद केलं नाही. ते तसेच उलट्या घमेल्यावर बसले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "झालं त्याचं. आन माझंबी."

"काय बोलताय!"

"खरं ते. इजू म्हणतोय तेच खरं. ओट्यावर बसायचं, येईल त्याला राम राम म्हणायचं. कोण कुठं चाललंय बघायचं. एवढंच ऱ्हायलं."

द्वारकाबाईंनी तोंड फिरवलं आणि उगाच माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणूनच त्यांना ते दिसलं.

"अवो, ही पट्टी वर का उचलतीय?"

तेल मोजायची पट्टी. आतल्या दाबानं ती तिच्या भोकातून हळूहळू वर सरकत होती, कुणी खालून बोटानं ढकलावी तशी. त्यांनी ती दाबून खाली बसवली. ती परत वर आली. त्यांनी परत दाबली, ती परत आली.

"ह्येच्या पोटात काय कोंडलंय?" म्हणत त्यांनी वरचं तेल टाकायचं झाकण पिळलं. फस्स करून धूर त्यांच्या तोंडावर आला. त्या मागं सरकल्या, खोकल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता थांबल्या.

"अवो... गळायचं थांबलं."

आबांनी मान वर केली.

"थांबलं की! हे बगा. झाकण लावलं की गळतंय." त्यांनी झाकण लावलं, पट्टी वर आली, मणी उभा राहिला. "काढलं की थांबतंय. आवं, ह्यो तर कुकर! शिट्टीचं भोक चोंदलं की डाळीचं पाणी कडंनं फसफसतंय, तसं. ह्येची शिट्टी कुठं असती?"

आबा घमेल्यावरून उठले नाहीत. बसल्या जागेवरून वाकले आणि हात माझ्या बाजूच्या पाइपावरून खाली नेला. बोटं पाइपाच्या टोकाला गेली. तिथंच थांबली.

मी माणसांची पुष्कळ तोंडं बघितली, पण एका तोंडावर एवढं सगळं एका वेळी कधी बघितलं नाही. आधी काही कळेना, मग कळलं, मग लाज, आणि मग लाजेच्या खालून हसू असं काहीतरी फुटायला लागलं.

"सापडली का शिट्टी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"सापडली."

"काय चोंदलंय तिच्यात?"

आबांनी स्क्रू पिळायच्या डिसमिसचं टोक घालून बूच हलवलं. एकदा, दोनदा. तेल पिऊन फुगलेलं ते बुरकुंड आतल्या दाबानं फट्कन उडालं आणि सरळ जाऊन द्वारकाबाईंच्या पाण्याच्या बादलीवर आपटलं. कोंबड्या पळाल्या. मी श्वास सोडला. एवढा मोठा, की अंगणभर निळा धूर झाला.

द्वारकाबाईंनी वाकून बुरकुंड उचललं. चिंधीकडं बघितलं. ती त्यांच्याच जुन्या चोळीची होती. त्यांनी आबांकडं बघितलं.

"मोराच्या डोस्क्यावर गळत हुतं म्हणून..." आबा म्हणाले.

"म्हणून तुमी त्येचं नाक कोंबलं!"

"दिवाळीपुरतं."

"आन मिस्त्री म्हणतोय इंजिन गेलं! आन पोरगं गेलंय बारामतीला!" त्या घमेल्याशेजारी खाली मातीतच बसल्या आणि इतक्या हसल्या की डोळ्याला पाणी आलं. आबाही हसले. स्वरूपा धावत बाहेर आली, तिला दोघंही सांगू शकेनात. शेवटी द्वारकाबाईंनी तिच्या हातात ते तेलकट बुरकुंड दिलं, ती ते बघून आणखीच गोंधळली. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या अंगणात इतकं हसणं मी ऐकलं नव्हतं. मी शांतपणे चालू होतो. झाकणाची कड कोरडी होती.

चार वाजता विजयसिंह आला. हातात नव्या ट्रॅक्टरचा रंगीत कागद.

आबांनी लपवलं नाही. उभे राहून सांगितलं, "इजू, चूक माझी हुती. मीच ब्रीदरला बूच मारलं हुतं."

विजयसिंहनं ऐकलं, खाली बसून पाइप बघितला, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. पण तो हसला नाही. "आज थांबलं, आबा. रिकामं उभं असताना थांबतंयच. ओझं वढताना परत सुटलं तर? ऐन हंगामात रस्त्यात बंद पडला तर मी कुणाकडं जाऊ?"

हे त्याचं बरोबर होतं. मलाही तसंच वाटलं असतं.

"मंग ओझं वढून बघ," आबा म्हणाले. "उद्या मका इंदापूरला न्यायचीच हाय. मी नेतो. तू मागनं ये. रस्त्यावर एक थेंब दिसला तर गुरुवारी त्या माणसाला मीच चावी देतो."

द्वारकाबाई काही बोलायला गेल्या. आबांनी हात वर केला. ते कधी असा हात वर करत नाहीत.

सकाळी ट्रॉलीत मक्याची पोती चढली. आबांनी तेल बघितलं, पाणी बघितलं, पाइपाचं टोक बघितलं. मग सीटवर बसले. स्टेअरिंग धरलं. हात शांत.

मागं विजयसिंह मोटरसायकलवर.

तो रस्ता मी कितीदा गेलो असेन, पण त्या दिवशी मला प्रत्येक खड्डा वेगळा लागत होता. अकलूजकडून येणाऱ्या गाड्या, उसाच्या बैलगाड्या, शाळेला निघालेली पोरं. आबा कुठंच घाई करत नव्हते. चढाला मी जोर लावला, इंजिन तापलं, पोटातली वाफ पाइपातून नीट निघून जात होती. तरी मी घाबरलो होतो. आपल्या अंगाचं आपल्यालाच नक्की सांगता येत नाही, म्हातारपणी तर नाहीच. आबा आरशात बघत होते. आरशात विजयसिंह दिसायचा, मान खाली घालून, रस्त्यावर नजर लावून, हळूहळू येणारा. कुठं जुना डाग दिसला की थांबायचा, पाय टेकवायचा, वाकून बघायचा, परत यायचा. दरवेळी तो थांबला की आबांचा पाय ॲक्सिलरेटरवर जरा हलका व्हायचा.

इंदापूरच्या मार्केट यार्डात पोती उतरली. विजयसिंहनं माझ्या खाली पुठ्ठा सरकवला आणि चहाला गेला. आबा गेले नाहीत. ते माझ्या चाकाला टेकून उभे राहिले आणि पुठ्ठ्याकडं बघितलंसुद्धा नाही. समोरून जाणाऱ्या माणसांकडं बघत राहिले.

विजयसिंह आला. पुठ्ठा ओढून बघितला. पाइपाच्या टोकाखाली एक बारीक ठिपका होता, माझा जुना ठिपका, नाकाचा. बाकी कोरडं. त्यानं तो ठिपका बोटानं पुसला, वास घेतला. मग पुठ्ठा दुमडून ट्रॉलीत टाकला.

"चला," एवढंच म्हणाला.

परतीला निघालो. आबांनी आरशात बघितलं. विजयसिंह मागं होता, पण आता त्याची मान खाली नव्हती. जरा पुढं गेल्यावर त्यानं गाडी बाजूला काढली, हॉर्न दिला, आमच्या बरोबरीनं आला.

"आबा, मी पुढं जातो. शोरूमला फोन करायचाय, त्यांचा माणूस उगं हेलपाटा घालंल."

"बरं."

"तुमी या सावकाश. आन येताना नाक्यावरनं खताची पोती भरून घ्या. जमंल नव्हं?"

"जमंल की."

तो पुढं गेला. एकदाही मागं वळून बघितलं नाही. आबांनी आरसा जरा फिरवला, त्यात आता फक्त रस्ता होता. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, वारा डोक्याला लागू दिला, आणि आवाज न करता रडले. बराच वेळ. मी मुद्दाम जरा मोठ्यानं आवाज केला, रस्त्यावरच्या कुणाला कळू नये म्हणून.

त्याला आता बरेच दिवस झाले. मला अंगणात उभं करायची मनाई आहे. माझी जागा गोठ्याजवळच्या कडुनिंबाखाली. पाइपाच्या टोकाखाली द्वारकाबाईंनी तारेनं एक डबडं टांगलंय. दोन-चार दिवसांनी त्या ते ओततात आणि म्हणतात, "नाकाला लागलेला डबा मोकळा केला." नवा ट्रॅक्टर येईल कधीतरी, येऊ दे. विजयसिंहला त्याची गरज आहे. पण आता तो म्हणतो, नवा आला तरी हा राहणार, आबांचा म्हणून.

मी फार शिकलेला नाही, आणि शिकवायचीही मला हौस नाही. तुमच्या दारातला एखादा म्हातारा ट्रॅक्टर गळायला लागला तर एवढंच करा. आधी त्याला धुवा. पावडर मारा. तेल कुठून निघतंय ते बघा. आणि पॅकिंग बदलायच्या आधी बाजूच्या पाइपाला बोट लावून बघा, आतली वाफ बाहेर येतेय का. तेवढं केल्याशिवाय त्याला काढू नका. त्याच्यावर कुणाचे तरी हात अवलंबून असतात.

आबांचं जेवण झालं वाटतं. चूळ भरल्याचा आवाज आला. आता पाण्याची टाकी घेऊन खालच्या रानात जायचंय. येतो मी.